धाकटीनं कालवलेलं चूर्ण

सकाळी दहाला थोरल्या जावेला जाग आली. पाळीचा पहिला दिवस असूनही पोटात कळ नव्हती. झोपेत ती नदीच्या पाण्यावर उताणी तरंगत होती. उठून ओसरीवर आली तरी तरंगतच होती.

ओसरीवर डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पाळीच्या दुखण्यावर अशोकाच्या सालीचं चूर्ण चालतं का, याची गावात चाचणी सुरू होती. काही बायकांना दर महिन्याला खरं चूर्ण, काहींना तसंच दिसणारं साधं पीठ; या घरच्या दोघी जावाही त्यात होत्या. कुणाला काय, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं.

"जाऊबाईंचा चेहरा बघा," स्वतःच्या पाळीच्या कळांनी पोटाशी गुडघे घेऊन बसलेली धाकटी हसली. "लग्नाच्या फोटोतही असा फुललेला नाही!"

डॉक्टरीणबाई थबकून धाकटीकडे वळल्या. "मागच्या महिन्यात तुम्ही मजेत होतात, या तळमळत होत्या. आता उलटं कसं?"

थोरलीची नदी थांबली. दोघींच्या पुड्या पाण्यात कालवायची ती धाकटीच.

"पुड्या बदलल्या असतील तर दोघींना वगळावं लागेल. चूर्ण बंद होईल. ताई, तुम्ही सांगा," डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या.

पदराआड धाकटीनं तिचा हात घट्ट दाबला. दुखलं म्हणून की गप्प राहा म्हणून, ते थोरलीला समजेना.