परक्याचा वस्तरा

वडिलांच्या सलूनवरून कोर्टकचेरी नको, म्हणून दोघे भाऊ मध्यस्थबाईंसमोर बसले. इथे पाणी मुरतंय, हे थोरल्याने आल्याआल्याच ओळखलं. बाईंनी चहा आधी धाकट्याला दिला. “मी कोणाच्याच बाजूची नाही,” त्या म्हणाल्या. म्हणजे धाकट्याच्याच. “दादा, सलून तूच ठेव,” धाकटा कंटाळून म्हणाला. रस्तारुंदीत दुकान पडणार असेल, असं थोरल्याने ताडलं. “नको. तूच घे.” आता धाकटाही सावरून बसला. बाईंनी विषय बदलला. “दोघेही केस कापणारे, मग तुमचेच एवढे का वाढलेत?” “मानेवर परक्याचा वस्तरा चालत नाही मला,” थोरला गुरगुरला. “मलाही,” धाकटा पुटपुटला. “मग कोणाचा चालायचा?” “याचा,” एकमेकांकडे बोट दाखवत दोघे एकदम म्हणाले. “सलून राहू दे दोघांचं. सकाळी ये,” धाकटा म्हणाला. थोरल्याने डोळे बारीक केले. “येतो. पण आधी खुर्चीत तू बसायचंस.”