झिपऱ्याची शिकवणी

"वरून नको गं! वरून फिरवलास कंगवा की सगळं छानच दिसतं." प्रभाने नॉर्माचा हात धरून झिपऱ्याच्या बगलेशी नेला. "केस बाजूला कर, भांग पाडल्यासारखे. कातडी दिसली पाहिजे. मग मुळापासून."

नॉर्माने भांग पाडला. झिपऱ्या ओकव्हिलच्या त्या किचनमध्ये बाथमॅटवर आडवा पडून खुशाल घोरत होता. सहा वर्षांचा ल्हासा, जमिनीला टेकतील एवढे केस. पहिल्या रविवारी हाच लब्बाड नॉर्माच्या हातातला कंगवा पाहून सोफ्याखाली पळाला होता. आज सातवा रविवार. प्रभाने त्याला चीजचे तुकडे चारून, चुचकारून, नॉर्माच्या मांडीवर मान टाकायला शिकवलं होतं.

हे ज्ञान प्रभाला काही सुखासुखी मिळालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या विंटरमध्ये ओल्या बर्फात लोळून आलेल्या झिपऱ्याला ती दर रविवारी आधी न्हाऊ घालायची आणि मग विंचरायची. लेकीच्या लांब केसांना पंधरा वर्षं हेच केलं, मग कुत्र्याचं काय वेगळं असणार? वेगळं होतं! पाण्याने गुंता आणखी आवळतो, हे तिला कोण सांगणार? वरून कुत्रा चकचकीत, आणि आत बगलेत, कानामागे नमद्यासारखे घट्ट गोळे. शेवटी ग्रूमरबाईने मशीन घालून त्याला पार भादरला. बिचारा दोन दिवस सोफ्याखालून बाहेर येईना. प्रभा सोफ्यासमोर जमिनीवर बसून रडली. मग हट्टाने त्याच ग्रूमरबाईकडे जाऊन सगळं शिकून आली. आधी विंचरणं, मग अंघोळ. पट्टा रोज काढायचा. जुलैत कॅनडा दीडशे वर्षांचा झाला, तेव्हा शेजाऱ्यांनी झिपऱ्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधला, तोही तिने संध्याकाळी सोडला. गळ्याशी गुंता होतो म्हणून.

म्हणून ऑगस्टमध्ये नवरा, राजन, म्हणाला, "माझ्या ऑफिसातला एफ्राइम आठवतो? त्याची मुलगी नॉर्मा वॉनला असते. तिच्याकडे असाच कुत्रा यायचाय. शिकवशील?" तेव्हा प्रभाला कोण आनंद झाला! चाळीस वर्षं या देशात लोकांनी तिला विचारलं ते एकच, पुरणपोळी फाटू नये म्हणून काय करायचं.

आणि दुसरी नवलाई म्हणजे रविवारचा चहा आता राजन करायचा. चहाचा डबा कुठे असतो हे ज्याला ठाऊक नव्हतं, तो माणूस आलं किसून चहा करत होता. रिटायरमेंट मानवली म्हणायची, असं प्रभाने लेकीला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा. घर विकून कॉन्डोत जायचं हेही त्याचंच. जिने झेपत नाहीत म्हणे. प्रभाने एकच प्रश्न विचारला होता, "झिपऱ्याचं काय?" राजन म्हणाला होता, "चालतो कुत्रा. मी विचारून घेतलंय." मग तिने तीस वर्षांच्या घराबद्दल पुढे एक शब्द काढला नाही. उद्या सह्या होत्या.

"छान जमलं," प्रभा म्हणाली. "आता तुझा कधी येतोय?"

"थँक्सगिव्हिंग झालं की."

"नाव ठरवलंस?"

नॉर्मा हसली. "नाव कशाला बदलू, मावशी? सहा वर्षं 'झिपऱ्या' हेच ऐकतोय. गोंधळेल ना बिचारा."

प्रभाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

तिचा चेहरा बघून नॉर्मा घाबरली. "सॉरी, मावशी. काका म्हणाले होते, विषय काढू नकोस, तुम्हाला त्रास होतो. पण तुम्हीच विचारलंत म्हणून... तुम्हीच म्हणाला होतात ना, जो नीट शिकेल त्याच्याच घरी द्यायचा?"

ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण सात रविवार केलं मात्र तेच होतं. झिपऱ्याला कुठे गुदगुल्या होतात, कुठला पाय दुखरा आहे, चीज कुठलं आवडतं, सगळं सगळं तिने हौसेने सांगितलं होतं. आपलं कुत्रं तिने आपल्याच हाताने परकं केलं होतं, आणि वर ज्याने ते करून घेतलं त्याच्या चहाचं कौतुक केलं होतं!

राजन ट्रे घेऊन आत आला.

"अहो, कॉन्डोत कुत्रा चालतो ना?"

त्याने नॉर्माकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी सांगणारच होतो गं. सह्या झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर तू तयारच झाली नसतीस."

नॉर्माने कंगवा खाली ठेवला. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुझी काही चूक नाही, बाळा. तू नीट शिकलीस." प्रभा सरकून बसली आणि झिपऱ्याची मान नॉर्माच्या मांडीवरून उचलून तिने आपल्या मांडीवर घेतली. तो झोपेतच आला. तिने कंगवा हातात घेतला. कानामागचं राहिलं होतं.

"प्रभा, जरा समजून घे," राजन ट्रे धरूनच उभा होता. "रूल म्हणजे रूल. तिथे कुत्रा अलाऊड नाही."

"बरं," प्रभा कंगव्यावरून नजर न काढता म्हणाली. "मग उद्या सह्यांच्या आधी तेवढं विचारून घ्या. त्या रूलमध्ये बायको असलीच पाहिजे, असं काही लिहिलंय का?"