संमतीपत्र

दीड महिना गोळ्या देऊनही कुत्र्याच्या पोटात साठलेलं पाणी हटेना, तेव्हा मीच त्याला कायमचं झोपवायचा सल्ला दिला. आजोबांनी संमतीपत्रावर सही केली, नात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी इंजेक्शन भरलं. "टेबल गार आहे, खाली त्याची गादी घाला," आजोबा म्हणाले. नातीने घरून आणलेली गादी झटकली, तशा उसवलेल्या शिवणीतून गोळ्या टपटप फरशीवर पडल्या. चाटून झिजलेल्या, पण मी दिलेल्याच. "अहो, रोज माझ्या हाताने भरवत होतो!" आजोबा ओशाळले. म्हणजे औषध पोटात गेलंच नव्हतं. "उशीर झालाही असेल," म्हणत मी इंजेक्शन बाजूला ठेवलं. आजोबांनी नवी गोळी कुत्र्याच्या जिभेवर ठेवून जबडा मिटून धरला. "गिळली!" नात म्हणाली. आजोबांनी बोटाने त्याच्या गालातून ती बाहेर काढली, संमतीपत्रात गुंडाळली आणि माझ्या पेपरवेटने कुटायला घेतली.