कॉम्प्युटरची पूजा

पूनम सागर सोसायटीतल्या वन रूम किचनमध्ये दिपेशचा व्हिडिओ एडिटिंगचा कॉम्प्युटर दोन दिवस एकच लग्न दळत बसला होता. त्या लग्नाची डीव्हीडी आज तयार व्हायलाच हवी होती, कारण नवरी संध्याकाळच्या विमानाने मस्कतला निघणार होती. आणि नेमका आज दसरा.

"हत्यारांची पूजा होणार म्हणजे होणार," म्हणत विमलाबाईंनी हळदकुंकवाचं ताट उचललं.

"कर, पण तो बंद करायचा नाही आणि एकाही बटणाला हात लावायचा नाही," दिपेशने आईला बजावलं. "डीव्हीडी झाली की ट्रे आपोआप बाहेर येईल. तेव्हा मला हाक मार." आणि तो आंघोळीला गेला.

डोक्याला साबण असतानाच हाक आली. तो तसाच पंचा गुंडाळून धावला. कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता, पोटातून घरघर येत होती आणि ट्रे काही बाहेर दिसत नव्हता.

"आई, काय केलंस?"



"बटणाला बोटसुद्धा लावलं नाही रे! त्याने आपणहून हात पुढे केला, मी पेढा टेकवला, तर आत ओढून घेतला बघ. दुसरा तुझ्या हातून देऊ या, म्हणून हाक मारली."