गोलघुमटात घेतलेलं नाव

होटगी जंक्शनवरच्या गँगमन बिरप्पाला रेल्वेचा फुकट पास मिळाला, म्हणून शहात्तर साली त्याने बायकोला, गोजाबाईला, आदिलशहाची राजधानी दाखवायला विजापूरला नेलं. बादशाही कधीच बुडाली होती, पण गोलघुमटाची उलट बोलायची खोड गेली नव्हती. एक शब्द टाकला की तो सात वेळा परत यायचा.

वरच्या सज्जात दोघंच होती. बिरप्पा तिला खेटून म्हणाला, "घे की माजं नाव. हितं कुटं तुजी सासू हाय?"

"नगं बाई. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं."

"बारा वर्सं झाली, आजून मी नुसता 'अवो'च व्हय?"

शेवटी डोळे मिटून ती पुटपुटली, "बिरप्पा."

घुमटाने ते नाव सात वेळा घेतलं आणि प्रत्येक वेळी नवऱ्याच्या आवाजात ओ आली. पहिली कानाशी, दुसरी हातभर लांबून, सातवी पार समोरच्या भिंतीतून. बिरप्पाचं तोंड मात्र मिटलेलंच होतं.

गोजाबाईने त्याचं मनगट घट्ट धरलं. "थट्टा पुरं झाली. हितं, माज्याजवळ, एकदा बोला की वो."

बिरप्पाचे ओठ हलले.

आवाज समोरच्या भिंतीतून आला, "हितंच हाय की, गोजे."