पत्र्याची जीभ

"धर दातात," सुबल म्हणाला आणि पत्र्याची लाल जीभ त्याने लेकीपुढे धरली.

झुम्पाने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

कालीपूजेचा दिवस, हाट गच्च भरलेला, बाप बहुरूपी, आणि पोरगी काजळीने नखशिखांत काळी. केस मोकळे, गळ्यात मातीच्या मुंडक्यांची माळ. राहिली होती फक्त जीभ. झुम्पाची काली नेहमी पत्र्याच्याच जिभेची, कारण तिची स्वतःची बाहेरच येत नव्हती. लहानपणी खजुरीवरून पडली ती हनुवटीवर. टाके घातले, सगळे म्हणाले, वाचली पोर! जबड्याच्या सांध्याकडे कुणी बघितलंच नाही. तो आतल्या आत हाडाने जुळला आणि तोंड उघडेनासं झालं. मग भातसुद्धा पातळ करून दातांच्या फटीतून ओढायचा. पोरं तिला कुलूप म्हणायची.

यंदा कलकत्त्याच्या डॉक्टरदीदीने ऑपरेशन करून सांधा सोडवला आणि बजावलं, "रोज दाढांमध्ये लाकडी पट्ट्या सारून तोंड ताणायचं. रडली तरी. थांबलात, की परत बंद."

पण झुम्पा किंचाळली की सुबलच पट्ट्या गुंडाळून ठेवायचा. "राहू दे गं माझी आई, उद्या करू." असे कितीतरी उद्या झाले. आज सकाळी झुम्पाने स्वतःच पट्ट्या घेतल्या, तर आधी सहज जाणारी पट्टी शिरेचना.

आणि आता दिवसभर दात आवळून हा पत्रा धरायचा?

"सणाचं तरी दुखवून घेऊ नको," सुबल अजिजीने म्हणाला. "जीभ बाहेर, डोळे खाली, बस. नवऱ्याच्या छातीवर पाय पडला म्हणून कालीमाँने लाजून जीभ काढली, तेवढं लक्षात ठेव."

"काय रे सुबल, बिनजिभेची काली?" मिठाईवाला हारू ओरडला. "कुलूपकाली!"

"ए कुलूप, किल्ली आणू का?" पोरं फिदीफिदी हसली.

झुम्पाने बापाच्या हातातून जीभ घेतली, तरातरा गेली आणि हारूच्या तराजूत टाकली. "हारूकाका, ही तुम्हीच धरा दातात. बडबड तरी थांबेल."

मग तिने अंगठा वरच्या दातांना लावला, बोट खालच्या दातांना, आणि ताणलं. काजळीवरून पाण्याचे ओघळ सुटले. घशातून गुरगुर निघाली.

"सोड! दुखतंय तुला!" सुबल धावला. तिने त्याला कोपराने ढकललं. आणखी ताणलं.

आणि आली जीभ! खरी, ओली, लालबुंद, हनुवटीवरच्या टाक्यांच्या व्रणापर्यंत.

पोरं मागे सरकली. हारूचे हात आपोआप जोडले गेले. मागे कुणा बाईने पूजेत करतात तसा जीभ हलवत उलूध्वनी केला.

"डोळे," सुबल रडत रडत कुजबुजला, "डोळे खाली, पोरी."

झुम्पाने जीभ तशीच ठेवली, आणि एकेकाच्या डोळ्यांत बघत सगळ्या हाटावरून नजर फिरवली.