न हलणारं टोक

“हाही नको. याचंही टोक हलतंय.”

सलूनवाल्याने मासे धरायचा सहावा रॉड काउंटरवर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच. दुकानदाराने तो उचलून फडक्याने पुसला आणि आधीच्या पाचांशेजारी भिंतीला टेकवून उभा केला. गृहपाठ न केलेली पोरं वर्गाबाहेर उभी करावीत तशी रांग झाली होती.

“काका, टोक हलायलाच हवं,” दुकानदार म्हणाला. हे तो चौथ्यांदा सांगत होता. पहिल्या दोन वेळा हसून सांगितलं होतं. “दोऱ्याच्या टोकाला ही अशी प्लॅस्टिकची मासोळी बांधायची. लांब फेकायची, रीळ फिरवत ओढून आणायची, पुन्हा फेकायची. दिवसातून दोनशे वेळा. नव्या माणसाला हलका, लवचीक रॉडच बरा. न हलणारी काठी हवी असेल तर समोरच्या मेडिकलमध्ये मिळेल.”

“मला शिकवू नका शेठ. चाळीस वर्षं वस्तरा धरलाय. हत्यार हातात आलं की कळतं मला.”

त्याची बायको स्टुलावर बसली होती. वस्तऱ्याचं नाव निघालं तशी तिने पिशवीचा बंद सोडला आणि उगाचच पुन्हा बांधला.

“सलून बंद केलं की काय?” दुकानदाराने विचारलं.

“मुलगा बघतो. जुनी तीन गिऱ्हाइकं रविवारी तळ्यावर चाललीत. मला म्हणाली, तूही चल.”

“कंबरेमुळे सोडलं यांनी काम,” बायको घाईने म्हणाली. “फार वेळ उभं राहवत नाही. त्या तिघांना माहीत आहे ते.”

ती हे सांगत होती तेव्हा तो सव्वा तास उभा होता. शेजारची रिकामी खुर्ची त्याने दोनदा पायाने बाजूला सारली होती.

दुकानदाराने कंबरेकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि आतून एक जाडजूड रॉड आणला. समुद्रावरचा. बुंध्याशी मनगटाएवढा.

“याच्याहून कडक माझ्याकडे नाही.”

सलूनवाल्याने तो उचलला. श्वास रोखला. टोक क्षणभर शहाण्यासारखं राहिलं, मग बारीक थरथरायला लागलं. त्याने दुसरा हात लावला. आता थरथर दुप्पट झाली. कान लाल झाले त्याचे.

“माल खराब आहे तुमचा! सगळाच्या सगळा!”

एवढा वेळ दुकानदार रॉडकडे बघत होता. आता त्याने हातांकडे पाहिलं. मग हळूच रॉड स्वतःकडे घेतला आणि पुढे धरला.

“अहो काका, हे बघा की. माझ्याही हातात हलतोय. कुणाच्याही हातात हलतो हा.”

आणि खरंच, टोक हलत होतं.

सलूनवाल्याने टोकाकडे बघितलंच नाही. आयुष्यभर लोकांच्या गालांवर हात चालवलेला माणूस. तो दुकानदाराच्या मनगटाकडे बघत होता.

“मनगट हलवताय तुम्ही,” तो म्हणाला. “आपोआप हलतो ना हात, तो बोटांपासून हलतो.”

दुकानदाराचं मनगट जागच्या जागी थांबलं. टोकही थांबलं.

डॉक्टर आणि घरचे सोडून कुणाला कळू द्यायचं नव्हतं ते सलूनवाल्याने स्वतःच, कुणी न विचारता, सांगून टाकलं होतं. पंखा फिरत होता. प्लॅस्टिकच्या मासोळ्या पाकिटांत डोळे वटारून लटकल्या होत्या.

बायको उठली. “चला घरी. नकोच ते. त्या तिघांना सांगू, कंबर फारच दुखतेय.”

“त्या बिचाऱ्या कंबरेला अजून किती दुखवशील?”

तो दाराकडे दोन पावलं गेला, तिथेच उभा राहिला आणि वळून परत काउंटरपाशी आला.

“शेठ, सगळ्यात जास्त हलणारा कुठला आहे?”

“अं?”

“मनगट खोटंखोटं न हलवता. तुम्ही धरला तरी हलेल, त्या तिघांनी धरला तरी हलेल, असा.”

दुकानदार स्टुलावर चढला. वरच्या फळीवरून त्याने एक काडीसारखा रॉड काढला, त्याच्यावरची धूळ फुंकली. नुसत्या फुंकरीने टोक नाचायला लागलं.

“बोटभर माशांसाठी असतो हा. तीन वर्षांत कुणी घेतला नाही. खरं सांगतो काका, मोठा मासा लागला तर हा काही कामाचा नाही.”

“मासा कुणाला हवाय?”

त्याने रॉड स्वतः घेतला नाही. बायकोकडे बोट केलं. “तू धर.”

बायकोचा हात म्हणजे एका खेपेत सुईत दोरा ओवणारा. तिने रॉड धरला. टोक थरथरलं. तिने घट्ट धरला, तरी थरथरलं. तो बराच वेळ बघत राहिला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच त्याने हलणाऱ्या टोकाची तक्रार केली नाही.

“कागदात गुंडाळू नका,” तो दुकानदाराला म्हणाला. “असाच नेतो.”

फुटपाथवर तो रॉड उभा धरून चालला. बायको एक पाऊल मागे. समोरून येणारी माणसं मान वर करून बाजूला होत होती. कोपऱ्यापर्यंत तिने मोजली. अकरा जण. अकराही जण टोकाकडे बघत होते.